माझी खुर्ची की त्याचा हेडफोन

१२ जानेवारी

दवाखान्यातली माझी अर्धी खोली गायब! सकाळी दार उघडलं तर मधोमध प्लायवूडचं पार्टिशन, आणि सुतार शेवटचा स्क्रू पिळतोय. "खिडकी तुमच्या वाट्याला ठेवली बरं का, मॅडम," म्हणाला. जसं काही भावाभावांच्या वाटण्या चालल्यात.

मोठ्या डॉक्टरांची कल्पना. ज्यांचं हृदय अजून बिघडलेलं नाही, पण बिघडायच्या वाटेवर आहे — रक्तदाब वर, चरबी वर, पोट पुढं, खिशात सिगारेट — अशांना समजावून वळणावर आणायचं हे माझं काम. इतकी वर्षं मी ते समोर बसवून करतेय. दोन खुर्च्या, वजनकाटा, रक्तदाबाचं मशीन आणि माझं तोंड. आता म्हणे निम्मे लोक माझ्याकडे येणार, आणि निम्म्यांशी एक नवा माणूस फोनवर बोलणार. कोण कुणाकडे, ते चिठ्ठ्या टाकून. जूनअखेर सगळ्यांच्या तपासण्या. ज्याचा उपयोग जास्त, ते राहणार. दुसरं बंद.

"दोन्ही चालवणं आपल्याला परवडायचं नाही," डॉक्टर म्हणाले. हसत म्हणाले! मीपण हसले. घरी येईपर्यंत ते हसणं काही टिकलं नाही.

माझी खोली जाता कामा नये. बस्स.

१३ जानेवारी

शत्रू आला. कानांवर हे मोठे हेडफोन, म्हणून त्याचं नाव हेडफोन. खरं नाव आहे त्याला, पण या पानांवर माझं राज्य आहे.

पूर्वी वॉर्डात ब्रदर होता. गुडघा गेला, म्हणून बसून करायचं काम मागून घेतलं. वयानं माझ्याएवढाच. वाईट बातमी अशी, की माणूस चांगला आहे. पहिल्याच दिवशी विचारतो, "ताई, चहा आणू का तुमच्यासाठी?" लंगडत जाऊन आणलासुद्धा. शत्रूनं असं वागू नये. फार गैरसोय होते.

१९ जानेवारी

माझ्या वाटणीचा पहिला — बेकरीवाला. माणूस दारातून आत यायच्या आधी लोण्याचा वास आत आला. हातात डबा. "ताई, तुमच्यासाठी ताजी बिस्किटं!" अहो, तुमचं लोणी सोडवायला बसलेय ना मी इथं!

डबा परत दिला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. दोनच खाल्ली. (चार.)

२५ जानेवारी, रविवार

आज आईशी जुंपली. तेच ते — मीठ.

जेवायला बसलो. मी फक्त "आई" म्हटलं, तर हिनं मीठदाणी अशी झटक्यात ओढून घेतली, की मी चोर आणि ती पोलीस! मग मी गोळीचं विचारलं. मग तिनं ऐकू न आल्याचं सोंग केलं. आईला ऐकू येत नाही! उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला तिचा. कानाला यंत्र लावून न दिसणाऱ्या माणसांना एकमेकांशी जोडून दिलं. शेजारच्यांच्या घरात चमचा पडला तर कुठला पडला ते सांगेल ती.

"मला काहीसुद्धा झालेलं नाही," म्हणाली. बाबाही असंच म्हणायचे. आणि एका दुपारी पेपर वाचता वाचता गेले. मी पलीकडच्या खोलीत होते.

मी रक्तदाबाच्या मशीनचा पट्टा काढला, दंडाला गुंडाळायला गेले, तर हात मागं! "तुझ्या दवाखान्यातल्या लोकांना गुंडाळ. मी तुझी आई आहे."

अख्खं गाव माझं ऐकतं आणि आई ऐकत नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. रक्तदाबाचं घरातलं मशीन पुन्हा कपाटात गेलं. गेल्या वर्षी मीच हौसेनं आणलं होतं, अजून त्याचं प्लास्टिकही धड निघालेलं नाही.

३ फेब्रुवारी

आज हसून हसून पोट दुखलं. टॅक्सीवाला हेडफोनच्या वाटणीला आला आहे. त्याला फोनवर बोलणं पटत नाही. "तोंड दिसल्याशिवाय मी भाडंपण घेत नाही," म्हणतो. कॅमेऱ्यावरचं तोंड त्याच्या हिशेबात बसत नाही. म्हणून काय केलं, तर फोनच्या वेळेला टॅक्सी आणून थेट आमच्या आवारात उभी केली. पण खिडकी माझ्या बाजूला! तिकडून हेडफोन फोनवर सांगतोय, "दिवसभर बसून असता, दर फेरीनंतर खाली उतरून पाय मोकळे करा," आणि हा खाली टॅक्सीत बसून माझ्याकडे बघत मान डोलावतोय!

मी काय करणार? मीपण मान डोलावली.

११ फेब्रुवारी

चहाच्या वेळी हेडफोनशी वाद. चांगला रंगला.

मी म्हटलं, समोर बसलं की माणूस कळतो. श्वास कळतो. जिना चढून आला की किती वेळ बोलता येत नाही ते कळतं.

तो म्हणाला, "ताई, समोर बसलं की माणूस शहाणा विद्यार्थी होतो. तुम्हाला बरं वाटेल तेच सांगतो. मला लोक खरं सांगतात. मी दिसत नाही ना!"

"आणि मधेच फोन ठेवून देतात."

"देतात," म्हणाला. चेहरा पडला बिचाऱ्याचा. मग मलाच वाईट वाटलं आणि एक बिस्किट दिलं.

२४ फेब्रुवारी

बेकरीवाला सांगतो — रोज सकाळी बागेत चालतो. रोज म्हणजे रोज! नवे बूटसुद्धा घेतले. सांगता सांगता ऐटीत पायावर पाय टाकला. तळवा माझ्यासमोर. कोरा करकरीत! एक ओरखडा नाही, किमतीचा कागदसुद्धा तसाच चिकटलेला.

मी नुसती तळव्याकडे बघत राहिले. त्यानं माझी नजर पाहिली, मग स्वतःचा तळवा पाहिला, आणि हळूच पाय खाली घेतला. नंतर एवढा मोठा माणूस खो खो हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. म्हणाला, बागेत जायची भीती वाटते. एकटा चालताना छातीत काही झालं तर? भट्टीजवळ निदान माणसं असतात. चालायचं नव्हतं असं नाही, एकटं चालायचं नव्हतं!

मग काय, जवळपासच्या दुकानांचे पाव गाडीनं न पाठवता त्यानं स्वतः पायी न्यायचे असं ठरलं. दर चार पावलांवर ओळखीचं दुकान. पडलाच तर उचलायला दहा जण.

हे फोनवर दिसलं असतं का? ताबडतोब पार्टिशनवर टकटक करून हेडफोनला सांगितलं. तिकडून आवाज — "पण फोनवर त्यानं बुटांचं खोटं सांगितलंच कशाला असतं?"

दुष्ट!

८ मार्च

आईनं आज वाढलेलं वरून मीठ न घेता खाल्लं. मी श्वास रोखून बघत होते. बोलले मात्र काही नाही. दृष्ट लागायची.

१५ मार्च

पिठाच्या डब्यात ती खारे शेंगदाणे लपवते, हे मला केव्हाचं माहीत आहे. आज पीठ काढायला हात घातला तर डब्यात फक्त पीठ! तळापर्यंत चाचपलं. कोपरापर्यंत पांढरी झाले, पण जीव सुखावला.

शेवटी ऐकलं माझं! इतकी वर्षं कानीकपाळी ओरडले, वाया गेलं नाही. उद्या हेडफोनला सांगणार — बघा, समोर बसून सांगण्याची ताकद!

१६ मार्च

सांगितलं. तो म्हणाला, "वा, ताई! माझ्याकडे एक बाई आहेत, त्यांनीपण अगदी असंच काहीतरी सोडलं. फार गोड बोलतात. त्यांचा फोन आला की माझा दिवस चांगला जातो."

असेल बाई. सगळ्या जगाला एकदम अक्कल आलेली दिसते.

२ एप्रिल

आई हल्ली वाचनालयात पायी जाते. जवळचं सोडून नदीपलीकडच्या वाचनालयात. का, तर तिथं पुस्तकं जास्त. येताना हातात पुस्तक नसतं! मी विचारलं, तर म्हणे, "आवडीचं मिळालं नाही." गाल लाल, केस विस्कटलेले, आणि जेवताना भूक सपाटून. माझा रस्ता तिला पटला, पण कबूल करायचं नाही. माझीच आई ती.

मी कॉलर ताठ करून हिंडतेय सध्या.

१० एप्रिल

टॅक्सीवाल्यानं आज मला खिडकीतून खूण केली — पट्ट्याचं एक भोक आत आलं! मी टाळ्या वाजवल्या. पलीकडून हेडफोन ओरडला, "ताई, ते माझे पेशंट आहेत!"

१७ एप्रिल

हेडफोनचा कान सुजला. दिवसभर ते लावून दुसरं काय होणार? डॉक्टरांनी त्याला टेबलावरचा स्पीकर दिला. म्हणजे आता हेडफोनला हेडफोन नाही! नाव बदलणार नाही मी.

२२ एप्रिल, बुधवार

घाई नको. नीट लिहिते.

अकरा वाजता. माझ्याकडची मुख्याध्यापिका यायची होती, आली नव्हती. मी गप्प बसून सफरचंद खात होते. पलीकडे स्पीकर सुरू झाला. हेडफोन म्हणाला, "बोला काकू, कसा गेला आठवडा?" आणि एक हसणं आलं.

ते हसणं मी जन्मल्यापासून ओळखते.

आई! माझी आई! पार्टिशनच्या पलीकडं! आधी वाटलं, दवाखान्यातच आली. उठून दारापर्यंत गेलेसुद्धा. मग उलगडलं — फोनवर आहे. ती त्याच्याकडची पेशंट आहे! नदीपलीकडच्या आमच्या शाखेत जाऊन तिनं नाव घातलं असणार, आणि चिठ्ठी फोनची निघाली असणार. आणि नाव कुठलं, तर माहेरचं. तो तिला माहेरच्या आडनावानं हाक मारत होता आणि ती "हं, हं" करत होती, लग्न झालंच नसल्यासारखी!

मी तशीच बाहेर जायला हवं होतं. लोक विश्वासानं बोलतात तिथं. स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून — तसली मी झाले. पण परत येऊन खुर्चीत बसले.

सगळं सांगत होती ती. शेंगदाणे सोडले, गोळी घेते, कपाटातल्या मशीनवर रोज मोजते. माझ्या मशीनवर! मी कामावर गेले की काढते आणि यायच्या आत परत ठेवते. मग म्हणाली, "गेल्या महिन्यात जिन्यात चक्कर आली होती. बसून राहिले पायरीवर. लेकीला सांगितलं नाही."

"का नाही, काकू?" त्यानं विचारलं.

"तिला सांगितलं की तिचा चेहरा बदलतो. तिच्या बाबांच्या वेळचा चेहरा येतो. मग मला तिची समजूत काढावी लागते आणि माझं सांगायचं राहून जातं."

मुख्याध्यापिका आली आणि "मॅडम, डोळ्यांत काय गेलं?" म्हणाली. सफरचंद, असं सांगितलं मी. सफरचंद डोळ्यांत!

२३ एप्रिल

आईशी नीट बोलता येत नाहीये. काल रात्री वाढताना तिनं विचारलं, "काय गं, गप्प का?" काही नाही म्हटलं.

राग आलाय मला. आणि आनंदही झालाय! दोन्ही एकदम कसं होतं? आई गोळी घेते. आई चालते. आईचा रक्तदाब उतरतोय — आणि यात माझा काडीचा हात नाही! मी आपली कॉलर ताठ करून हिंडत होते. त्या लंगड्या, सुजलेल्या कानाच्या माणसानं केलं ते. त्याच्या पायांवर लोटांगण घालावं की त्याला चिमटा काढावा, कळत नाही.

आणि तो जिंकला तर माझी खोली जाणार. आईच्या जिवावर माझी खोली! असा विचार आला, आणि त्याची इतकी लाज वाटली की उठून भांडी घासली. स्वच्छ होती ती, तरी घासली.

२९ एप्रिल, बुधवार

पुन्हा ऐकलं. या वेळी अपघात नाही. मुद्दाम.

मी मुख्याध्यापिकेला समजावत होते — शाळेतली भांडणं घरी नेऊन अंथरुणात घेऊन झोपू नका. आणि अकराचा फोन लागला. माझं वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिला म्हटलं, पाच मिनिटं बाहेर बसा. तिनं उभ्या आयुष्यात पोरांना वर्गाबाहेर काढलं असेल, आज तिला कुणीतरी काढलं!

दोघांचं आधी थोडं इकडचं तिकडचं झालं. मग आई जरा थांबली. आणि म्हणाली, "माझी लेक फार गुणी आहे हो. तिच्या हाताखालून गेलेले लोक रस्त्यात मला थांबवून तिचं कौतुक करतात. पण घरी आली की ती माझ्याकडे बघते, तेव्हा मला वाटतं माझी तपासणीच चालली आहे. पायांवर सूज आहे का, ओठ कसे दिसतात, ताटात काय आहे. तिचे बाबा गेल्यापासून ती माझ्याजवळ एकदाही नुसती बसलेली नाही."

हेडफोन काही बोलला नाही. बोलू नये हे त्याला कळतं. एवढं मात्र मान्य करायला हवं.

"एक दिवस तिनं घरी यावं," आई म्हणाली, "चप्पल काढावी, आणि माझ्याशेजारी नुसतं बसावं. मीठ नाही, गोळी नाही. नुसतं. मला दुसरं काही नको."

मी बाकीचं ऐकलं नाही. खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली टॅक्सीवाला डिकीला टेकून पाय ताणत होता. त्यानं हात केला. मीपण केला.

३० एप्रिल

सकाळी पहिल्यांदा हेडफोनला गाठलं. "तुमच्या स्पीकरचा आवाज येतो इकडे. मी ऐकलंय. मला आधीच सांगायला हवं होतं." कुणाचं ऐकलं ते नाही सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला, मग कानासकट लाल झाला. त्यानं लगेच हेडफोन काढून सुजलेल्या कानावर चढवले. "दुखू दे," म्हणाला.

मी घरून कापसाची गादी शिवून आणते म्हटलं त्याला. दोन्ही कानांसाठी.

संध्याकाळी घरी. चप्पल काढली. आई सोफ्यावर लोकर गुंडाळत बसली होती. शेजारी जाऊन बसले.

बाप रे! नुसतं बसणं किती अवघड असतं! तिचे पाय दिसत होते — बघायचं नाही. टेबलावर गोळ्यांचं पाकीट — मोजायचं नाही. जीभ नुसती वळवळत होती. मी तिच्या मांडीवरचा लोकरीचा गुंता घेतला आणि सोडवत बसले. ती एकदा माझ्याकडे बघून परत लोकरीकडे बघायला लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुझ्या बाबांना लोकर टोचायची. तरी मी विणलेला स्वेटर घालायचे. आत सुती सदरा घालून, मला न सांगता!"

हे मला माहीतच नव्हतं! मग आम्ही दोघी हसलो. हसता हसता ती थोडी रडली, मग मी थोडी. दिवा लावायचंही सुचलं नाही.

उठताना ती आपणहून म्हणाली, "गोळी घेतलीय हं आज."

मी म्हटलं, "बरं."

फक्त "बरं"! माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं समुपदेशन.

१४ मे

रोज बसते आता. जमायला लागलंय. काल तर मीच सोफ्यावर झोपून गेले, आणि तिनं माझ्या अंगावर अर्धवट विणलेलं पांघरूण टाकलं, सुयांसकट. पाठीला टोचून जाग आली.

२६ मे

बेकरीवाल्याच्या बुटांचे तळवे झिजले! पाय वर करून दाखवले त्यानं, अख्ख्या प्रतीक्षालयाला. सिगारेटचं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हे तुमच्यासमोरच ठेवायचं होतं. फोनवर कुणापुढं ठेवणार?" डबा आणला होता, त्यात गाजरं. गाजरं! पहिल्या डब्यातली बिस्किटं मला आठवली आणि किंचित वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

१२ जून

तपासण्या सुरू. हेडफोन नखं खातोय. मी त्याला म्हटलं, नखांत मीठ असतं. तो क्षणभर घाबरला!

३० जून

निकाल.

डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. कागद उलटे-सुलटे केले, चष्मा वर-खाली केला. म्हणाले, "दोन्हीकडची माणसं सुधारली आहेत. फरक म्हणाल तर सांगण्यासारखा नाही. मग जे स्वस्त पडतं ते ठेवावं, असा साधा हिशेब होतो." आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

म्हणजे फोन. म्हणजे माझी खोली गेली.

मी सहा महिने या वाक्यासाठी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. चांगलं कडक उत्तर. तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच — "सर, फोन बंद करू नका. काहीही झालं तरी फोन राहू दे. काही माणसं अशी असतात की जिवाभावाच्या माणसाला तोंडावर सांगता येत नाही त्यांना. ती मेली असती, पण समोर बसून बोलली नसती. मला माहीत आहेत अशी माणसं." आणि मोठ्यानं नाक शिंकरलं. हसं झालं.

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात हेडफोन उभा राहिला, गुडघा धरून. "सर, ताईंची खोली बंद करू नका! मला बेकरीवाल्यांचे बूट दिसले नसते. माझा टॅक्सीवाला सहा महिने ताईंच्या खिडकीकडे बघून सुधारलाय, ते कुठल्या कागदावर आलंय?"

"म्हणजे तुम्ही एकमेकांच्या बाजूनं भांडताय?" डॉक्टर म्हणाले.

आम्ही दोघं एकदम "हो!"

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. विचार करतो म्हणाले. बाहेर आल्यावर हेडफोनला विचारलं, एवढा कळवळा कशाला आला? तर म्हणे, "तुम्ही कानाला गादी शिवून दिलीत." मग चहा आणायला गेला. मी त्याला बसवलं आणि मी आणला.

३ जुलै

राहिलो! दोघंही!

डॉक्टरांचा निरोप — चिठ्ठ्या संपल्या, आता ज्याला जे हवं ते. वाटलं तर मधे बदलायचं. सकाळी समोर बसणारे, दुपारी फोनवाले, आणि दोन्ही कामं आम्ही दोघांनी शिकून घ्यायची. खोली मात्र एकच. एकाला अवेळी फोन आला की दुसऱ्यानं पेशंटला घेऊन आवारात झाडाखाली बसायचं.

सुतार पार्टिशन काढायला आला. तोच. "पटलं का शेवटी?" म्हणाला. पूर्ण खोलीत ऊन पसरलं. हेडफोन उन्हात उभा राहून म्हणाला, "अरेच्चा, खिडकी चांगली आहे की!" मी त्याला सांगितलं, खाली बघा, टॅक्सी दिसली की मान डोलवायची.

उड्या माराव्याशा वाटल्या. वजनकाट्यावर उभी राहूनच मारली एक. काट्यानं काहीतरी भयंकर आकडा दाखवला.

५ जुलै, रविवार

आईबरोबर नदीपर्यंत चालायला गेले. पुलावर राहवलं नाही, सांगून टाकलं — आई, मी ऐकलं होतं. भिंतीतून. दोनदा.

"माहीत आहे," म्हणाली. चालायची थांबलीसुद्धा नाही.

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेला. तिकडून तुझं बोलणं बारीक ऐकू येत होतं, ते वाक्याच्या मधेच तुटलं. एक्स्चेंजमध्ये केस पांढरे केलेत मी. कोण ऐकतंय ते कळतं मला."

"मग ते — मी नुसतं जवळ बसावं, ते सगळं —"

"ते त्याला थोडंच सांगत होते मी!"